देवले बठ्ठं माहीत शे ना, ताई?

देवाला सगळं कळतं, मग मी त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ? मी समुपदेशन करते, पण हा प्रश्न माझ्याकडे सरळ असा कधीच येत नाही. कोणी झोप लागत नाही म्हणून येतं, कोणी चर्चला जावंसं वाटत नाही म्हणून, एक काकू तर देवघरात दिवा लावायला हात उचलत नाही म्हणून आल्या होत्या, आणि तीन-चार वेळा बसून बोललं की सगळ्याच्या तळाशी हाच प्रश्न निघतो. आज ज्या भाऊंचं सांगतेय त्यांनी तो अहिराणीत विचारला होता, "देवले बठ्ठं माहीत शे ना ताई? मंग मी त्यानासमोर कसा उभा ऱ्हाऊ?" त्यांची परवानगी घेऊनच लिहितेय, आणि ओळख लागेल अशा चार गोष्टी बदलल्यात.

भाऊ पंचेचाळिशीचे, नंदुरबारला एका मिरची व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितात. नंदुरबारची मिरची ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, सीझनला ओली लाल मिरची गाड्या भरभरून बाजारात येते आणि मग ती मोकळ्या मैदानावर पसरून वाळवतात, त्याला पथारी म्हणतात, नजर जाईल तिथवर लालच लाल, आणि बाया ओळीने बसून देठ खुडत असतात. ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, पण तिथल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. त्यांना भीती एकाच गोष्टीची, अवकाळी पाऊस. ढग आले की रात्र असो दिवस असो, मालक, मुनीम, मजूर सगळे ताडपत्र्या घेऊन धावतात, कारण भिजलेली मिरची काळी पडते आणि वर्षाचा पैसा मातीत जातो.

भाऊंची गोष्ट अशाच एका रात्रीची आहे. घरी वडील, आबा, लकव्याने अंथरुणाला खिळलेले, अडीच वर्षं झालेली. त्या रात्री दहाच्या सुमाराला ढग गडगडायला लागले म्हणून भाऊ पथारीवर गेले, ताडपत्री ओढताना खिशातला फोन वाजला, काढून बघितला तर स्क्रीनवर 'घर'. आणि त्यांनी तो परत खिशात टाकला. परत वाजला, परत तेच. पाऊण तासाने घरी पोचले तेव्हा आबा गेलेले होते.

सगळ्यांना त्यांनी सांगितलं की फोन सायलेंटवर होता. दहाव्याला, तेराव्याला नाही, ते ख्रिस्ती आहेत, पण दफनानंतर जो येईल तो पाठीवर हात ठेवून म्हणायचा की असा पोरगा देव सगळ्यांना देवो. आणि त्या प्रत्येक वाक्याला माणूस आतून सोलून निघत होता. मग प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, तो घेणं बंद केलं, चर्चमध्ये ढोलकी वाजवायचे ती बंद केली, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागं राहणं, मुलांवर चिडचिड, आणि दीड वर्षाने बायकोने अक्षरशः ढकलत माझ्याकडे आणलं.

हे सगळं पहिल्या सेशनला कळलं नाही हो. पहिल्या सेशनला फक्त "ॲसिडिटी होते" एवढंच. चौथ्या वेळेला त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून एक जुना कीपॅडचा फोन काढला, कव्हर निघालेलं, बॅटरी पडू नये म्हणून मागे रबरबँड लावलेलं. नवा फोन दुसऱ्या खिशात होताच. त्यांनी दोन-तीन बटणं दाबली आणि टेबलावर माझ्याकडे सरकवला. मिस कॉलची लिस्ट होती, सगळ्यात वर 'घर', पुढे कंसात 2. त्या रात्रीनंतर त्यांनी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं होतं म्हणून ती लिस्ट तशीच राहिली, आणि हा माणूस दीड वर्षं रोज रात्री तो फोन चार्ज करून, सगळे झोपले की उघडून त्या एका ओळीकडे बघत बसायचा.

"फोन सायलेंट नव्हता ताई," म्हणाले. "मला वाटलं परत अंथरूण खराब झालं असेल. मी इतका दमलो होतो की मला वाटलं, करू दे तिला आज." थोड्या वेळाने, खूपच थोड्या आवाजात, "आठ दिवस आधी मी मनात म्हणालो होतो, सुटले तर बरं."

आता इथे कोणीही प्रेमाचं माणूस पटकन म्हणणार, अहो तुमची काही चूक नाही. मी हे वाक्य वापरत नाही, कारण समोरच्याला माहीत असतं की फोन मी पाहिला होता, आणि "चूक नाही" म्हटलं की त्याला एवढंच कळतं की हिला पण खरं पेलवत नाही. त्याचा एकटेपणा वाढतो. जे झालं ते झालं म्हणून मान्य करायचं, त्याला जे चिकटवलंय ते वेगळं काढायचं. फोन उचलला नाही, हे झालं. "मी आबांना मारलं", हे चिकटवलेलं. दुसरा झटका होता, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की वेळ फार थोडा होता. आणि "सुटले तर बरं" हा विचार, मी आजवर वर्षानुवर्षं आजारी माणसाचं केलेले जेवढे जण भेटले, त्यातल्या खूप जणांनी दार बंद आहे ना बघून मला हेच सांगितलंय. त्या विचारात माणसाचा द्वेष नसतो, हाल बघवत नसतात आणि शरीर थकलेलं असतं.

पण हे सगळं सांगूनही भाऊंचा प्रश्न जागेवरच होता, कारण त्यांचा प्रश्न माझ्याशी नव्हता. देवाशी होता. ते हिशेब लिहिणारे, त्यांच्या डोक्यात देव म्हणजे वरचा मुनीम, वही उघडून बसलेला, आणि त्या वहीत एकच पान.

मी मुद्दाम घाईने शास्त्र उघडत नाही. दुखावलेल्या माणसावर वचन फेकून मारलेलं मी पाहिलंय, त्याने जखम बुजत नाही. पण भाऊंनीच विषय काढला, म्हणाले चर्चच्या पाळकांनी (पास्टरांनी) बायबलमधलं स्तोत्र 139 वाचायला सांगितलं आणि ते वाचून तर मी जास्तच घाबरलो, बसलो उठलो ते त्याला माहीत, जिभेवर शब्द यायच्या आधी त्याला माहीत, पळू तरी कुठे. मी म्हटलं बरोबर आहे, ते लिहिणारा पण मधे पळायलाच बघतोय की, वर आकाशात जाऊ का, खाली अधोलोकात जाऊ का, अंधार मला झाकेल का, हे त्याच स्तोत्रात आहे. पण एक बघा, पहिल्या ओळीत तो म्हणतो की तू मला पारखलंयस, आणि शेवटी 23 व्या ओळीत तोच माणूस म्हणतो, मला पारख. आधी जे त्याच्यावर झालेलं होतं ते शेवटी तो स्वतःहून मागतोय. मधे काय झालं असेल? भाऊ काही बोलले नाहीत. मी पण उत्तर दिलं नाही.

पुढच्या वेळेला मी त्यांना एवढंच विचारलं, देवाला सगळं माहीत आहे हे तुमचं म्हणणं मला मान्य, मग त्या अडीच वर्षांतलं त्याला काय काय माहीत असेल ते सांगा. सुरुवातीला त्यांना कळेचना. मग सुरू झाले. आबांना कुशीवर वळवायचं दर दोन तासांनी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून, रात्रीचा दोनचा अलार्म कायम त्यांचा असायचा. भाकरी वरणात एकदम बारीक कुस्करून चमच्याने भरवायची, एका बाजूने गळायचं म्हणून हनुवटीखाली हात धरायचा. दर रविवारी चर्चला जायच्या आधी दाढी, कारण आबांना दाढी वाढलेली आवडायची नाही, आणि गाल वाकडा झाल्यामुळे आतून जीभ लावून फुगवता यायचा नाही, तर भाऊ स्वतःचं बोट आतून गालाला लावून वरून वस्तरा फिरवायचे. हे सांगताना त्यांनी नकळत स्वतःचं बोट गालाला लावून दाखवलं. फिजिओथेरपीच्या पैशासाठी मोटरसायकल विकली ते पण. आणि मग थांबून, "एकदा मी ओरडलो होतो आबांवर. चादर तिसऱ्यांदा बदलत होतो. आबा रडले. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. पण हे पण त्याला माहीत असेल." मी मान हलवली. मग बऱ्याच वेळाने, "नंतर मी पहाटेपर्यंत त्यांचा पाय धरून बसलो होतो. ते पण."

मी त्यांना चांगलं एका बाजूला आणि वाईट एका बाजूला टाकून तोलायला सांगत नव्हते. दाढी केली म्हणून न उचललेला फोन माफ, असा हिशेब देवाकडे नाही आणि माणसालाही त्याने शांती मिळत नाही. मला एवढंच दाखवायचं होतं की त्यांना खात असलेलं ज्ञान देवाचं नव्हतंच, ते त्यांचं स्वतःचं होतं, एका ओळीचं, कंसात 2. लोकांना अर्धं माहीत होतं, गोड अर्धं. त्यांना स्वतःला दुसरं अर्धं. पूर्ण माहीत असलेला एकच होता आणि त्याच्याकडेच ते जात नव्हते. योहानाच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात हे स्पष्ट आहे, आपलं मन आपल्याला दोष देतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे आणि त्याला सगळं माहीत आहे. तिथे 'सगळं माहीत आहे' हे धाक म्हणून आलेलं नाहीये, धीर म्हणून आलंय.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं पण बोललो आम्ही. येशूला पकडून नेलं त्या रात्री त्याने अंगणात कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभं राहून तीनदा सांगितलं की मी त्याला ओळखत नाही, आणि नंतर समुद्रकिनारी येशू त्याला भेटतो तेव्हा तिथे पण कोळशाचा विस्तव पेटलेला आहे. मूळ ग्रीकमधला तो शब्द नव्या करारात या 2 ठिकाणीच येतो, योहान 18 आणि योहान 21. म्हणजे तोच वास, तीच ऊब, पेत्राला काय वाटलं असेल विचार करा. भाऊंना हे लगेच समजलं, कारण ओल्या ताडपत्रीचा वास आला की त्यांना अजून मळमळतं. तिथे येशू तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का, आणि तिसऱ्यांदा पेत्र दुःखी होऊन म्हणतो, प्रभू, तुला सगळं माहीत आहे. आता त्या 'सगळं' मध्ये अंगणातली रात्र पण आलीच ना. ती वगळून तो बोलू शकत नव्हता, आणि तरी त्याने त्याच माहितीचा आधार घेतला, कारण प्रेम होतं हे सिद्ध करायला त्याच्याकडे दुसरं काही शिल्लकच नव्हतं.

(माझ्याकडे वारकरी घरातलेही बरेच येतात, मुक्ताईनगरकडचे, एरंडोलकडचे. त्यांचा शब्द 'अंतर्यामी'. मला तो फार आवडतो, कारण वरून बघणारा आणि आत राहून जाणणारा यात फरक आहे.)

पण खरी गाठ अजून पुढेच होती, आणि ती मला आधी दिसली नव्हती हे सांगायला हवं. एका दुपारी उठता उठता दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "आबाले काय वाटनं व्हई?" शेवटच्या त्या पाऊण तासात आबांना काय वाटलं असेल. बोलता येत नव्हतं, नजर दाराकडे असेल, पोरगा येत नाही म्हणून कळलं असेल का. देवाचा धाक वगैरे सगळं त्यापुढे लहान होतं. मी म्हटलं मला माहीत नाही भाऊ, आणि कोणी सांगितलं की आबा शांतपणे गेले तर त्यालाही माहीत नाही. पण ज्या देवाला तुमच्या जिभेवरचा शब्द माहीत आहे त्याला आबांच्या जिभेवर न आलेला शब्द पण माहीत होता, आणि तो त्या खोलीत होता, तुम्ही नव्हता तेव्हासुद्धा. अंधार त्याला अंधार नाही असं त्याच स्तोत्रात आहे. आबा तुमच्याशिवाय होते, पण अनोळखी माणसांत नव्हते.

ते परत येऊन बसले आणि रडले. दीड वर्षात पहिल्यांदा. मी पाण्याचा ग्लास सरकवला आणि पुढच्या माणसाला थांबायला सांगितलं.

त्यानंतर त्यांनी स्वतः ठरवलं की बायकोला खरं सांगायचं. मी सुचवलं नव्हतं, घरातली खरी गोष्ट कधी सांगायची हे त्या घराने ठरवायचं असतं. सांगितलं, आणि ती बाई गप्प बसून राहिली, मग म्हणाली, "मना बी डोया लागी गया व्हता." तिला डुलकी लागली होती, आबांच्या श्वासाच्या आवाजाने जाग आली तेव्हा उशीर झाला होता, मग फोन केला. तिने पण कोणाला सांगितलं नव्हतं. एका घरात, एका ताटवाटीत, दीड वर्षं दोघं आपापलं एकेक ओझं घेऊन, आणि दोघांना वाटत होतं की आपलं समजलं तर दुसरा माफ करणार नाही.

एक सांगून ठेवते, हे वाचून कोणाला आपलं वाटलं तर. मन दुखणं वेगळं आणि आजार वेगळा. झोप-भूक दोन आठवड्यांच्या वर उडाली असेल, जगू नये असं वाटत असेल, किंवा तेच पाप पुन्हा पुन्हा दिवसातून दहा वेळा कबूल करूनही हात धुतल्यासारखं परत करावंच लागत असेल, तर फक्त प्रार्थना वाढवत बसू नका, मानसोपचार तज्ज्ञाकडे जा, औषध घेणं हा अविश्वास नाही. टेली मानसचा 14416 नंबर आहे, सरकारी, फुकट, रात्री पण उचलतात आणि मराठीत बोलतात. भाऊंना पण मी झोपेसाठी धुळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं, तीन-चार महिने गोळ्या चालल्या.

ढोलकी त्यांनी लगेच नाही धरली. प्रभुभोजन घेतलं ईस्टरला. नोव्हेंबरात परत सीझन सुरू झाला, परत रात्रीचं पथारीवर जाणं, पहिल्या पावसाच्या रात्री त्यांनी घरी स्वतःहून तीन वेळा फोन केला म्हणे, बायको वैतागली.

शेवटच्या भेटीला आले तेव्हा मी सहज विचारलं, तो जुना फोन कुठे आहे. त्यांनी खिसा चाचपला, मग आठवून म्हणाले घरी कपाटात असेल. "तो बंद पडी गया ताई. चार्जिंगले लावाना ऱ्हायी गया. कव्हय बंद पडना, समजनंच नही."