टोचलं, पण सांगितलं नाही

"मॅडम, सुई टोचली होती. कुणाला सांगितलं नाही. आता काही झालं असेल का?"

डेंटल कॉलेजातल्या मुलामुलींकडून हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की पहिली दोन वाक्यं झाली की तिसरं मला पाठ असतं. तपशील तेवढा बदलतो. कुणाला ब्लॉक, म्हणजे बधिर करायचं इंजेक्शन, दिल्यावर सुईला टोपण लावताना टोचलेलं असतं, कुणाच्या हातात अवजारं घासताना दातांचं कीटण काढायचा टोकदार स्केलर घुसलेला असतो. कुणी एअरोटरमधला, म्हणजे दात कोरायच्या यंत्रातला, टोकदार बर न काढताच तो स्टँडला अडकवून ठेवतं आणि वळताना कोपराजवळ ओरखडा उठतो. आईवडिलांची काळजी तीच, शब्द वेगळे: "एवढी फी भरून डॉक्टर करायला घातलं, आणि पोरगी आजार घेऊन घरी येणार का?"

पुण्यात डेंटल कॉलेजं बरीच. त्यामुळे टिळक रस्त्यावरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ही मुलं येतच असतात. त्यांच्यातल्या एकीबद्दल लिहिते. तिला सानिका म्हणू. नाव खरं नाही, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे आणि बऱ्याच भेटींतलं मोजकंच इथे आहे.

तिला आईने आणलं. थर्ड इयर, घर वारज्याला. "अभ्यासाचं टेन्शन घेतलंय हिने," आई म्हणाली आणि लगेच पुढे, "पण मॅडम, ही स्वतःचा कप वेगळा ठेवते हो." हिरव्या काठाचा एक कप, फळीवर सगळ्यात वर. स्वतः उकळत्या पाण्याने धुणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. नेलकटर स्वतःच्या कपाटात. मोठ्या बहिणीचं बाळ महिनाभर घरी होतं, त्याला एकदाही उचलून घेतलं नाही. अभ्यासाच्या टेन्शनने माणूस कप वेगळा ठेवत नाही. मी आईंना बाहेर बसायला सांगितलं.

"कधी टोचलं?" मी विचारलं.

ती दचकली. या एका प्रश्नाने आमचे दोन-तीन आठवडे वाचले असावेत. इतक्या वर्षांत कान तेवढे तयार झाले आहेत.

अडीच महिने झाले होते. ओरल सर्जरीची पोस्टिंग. खालच्या दाढेसाठी ब्लॉक दिला, टोपण लावायला गेली आणि सुई ग्लोव्हमधून डाव्या तर्जनीत गेली. नळाखाली बोट पिळपिळ पिळलं, वर स्पिरिट ओतलं, नवे ग्लोव्ह चढवले आणि पुढचा पेशंट घेतला. सर तीन खुर्च्या पलीकडे उभे होते.

"त्यांना का नाही सांगितलंस?"

"सर म्हणाले असते, टोपणसुद्धा लावता येत नाही? आणि कोट्याच्या वहीवर, म्हणजे ठरलेले पेशंट पूर्ण केल्याच्या नोंदीवर, सही मिळाली नसती."

मग तिने काय केलं? तीन वेगवेगळ्या लॅबमध्ये जाऊन एचआयव्हीसाठी रक्त तपासून घेतलं. एकदा तर मावसबहिणीच्या नावाने.

"रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर बरं वाटलं?"

"हो."

"किती वेळ?"

ती थांबली. "लॅबचा जिना उतरेपर्यंत. खाली आले आणि वाटलं, सॅम्पल बदललं असेल तर?"

अशा वेळी घरचे, मैत्रिणी, आणि खेदाने सांगते की काही समुपदेशकही, "काही होत नाही गं" असं म्हणून मोकळे होतात. मी ते कधीच म्हणत नाही. मी एलिसच्या वाटेवरची. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेली दृष्टी मला अजून पटते: घडलेल्या गोष्टीने माणूस काळजीत पडतो, पण पार कोलमडतो तो त्या गोष्टीवर आपण चढवलेल्या हट्टाने. सानिकाचे हट्ट दोन होते. मला शंभर टक्के खात्री मिळालीच पाहिजे. आणि माझ्या हातून चूक होताच कामा नये. पहिला तिला लॅबच्या पायऱ्या चढायला लावत होता, दुसरा तोंड बंद ठेवत होता. "काही होत नाही" हे वाक्य पहिल्या हट्टालाच खतपाणी घालतं. शिवाय ही डॉक्टर होणारी मुलगी. आपण खोटा धीर देतोय हे तिला कळतंच.

म्हणून आम्ही आकडे समोर घेऊन बसलो. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. कावीळ बीची (हिपॅटायटिस बी) गोष्ट वेगळी. लस घेतलेली नसेल आणि पेशंटला ती असेल, तर शक्यता ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते.

"तुझी लस झालीय ना?" मी विचारलं.

"दोन डोस झालेत. तिसऱ्याच्या वेळी सबमिशन होतं."

ही माझ्या अनुभवात पुन्हा पुन्हा दिसणारी गोष्ट आहे. एचआयव्हीच्या धास्तीने रात्र रात्र जागणाऱ्या मुलांना स्वतःचा कावीळ बीचा तिसरा डोस राहिलाय याचं काहीच वाटत नसतं. भीती जिथे बोट दाखवते, तिथे धोका असतोच असं नाही. त्याच आठवड्यात मी तिला फिजिशियनकडे पाठवलं. औषध, लस, तपासण्या हा माझा प्रांत नाही आणि त्यात मी नाक खुपसत नाही. त्यांनी राहिलेला डोस दिला. सगळं पहिल्यापासून घ्यावं लागत नाही. डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासायला सांगितल्या. रिपोर्टमधला आकडा १० किंवा त्याहून जास्त आला की लस लागू पडली असं धरतात. एचआयव्हीच्या तपासणीच्याही ठरलेल्या तारखा लिहून दिल्या. एक कटू गोष्टही त्यांनी स्पष्ट सांगितली: एचआयव्ही टाळण्यासाठीचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करायचं असतं, शक्यतो पहिल्या दोन तासांत. ती वेळ सानिकाने गप्प बसण्यात घालवली होती. त्या भेटीत ती खूप रडली. मी रडू दिलं.

तारखा हातात आल्यावर आमचं ठरलं: मधल्या काळात एकही लॅब नाही. शंका येईल, येऊ दे. ती आली म्हणून जिना चढायलाच हवा असं नाही. हे लिहायला सोपं आहे. करताना तिचे दोन आठवडे फार वाईट गेले. पण कप खालच्या फळीवर आला. चहाच्या कपाने हे आजार पसरत नाहीत हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहितीची उणीव कधी नव्हतीच.

दुसरा हट्ट मात्र हलेना. "पण चूक माझीच ना मॅडम? मी आहेच वेंधळी." प्रत्येक भेट इथे येऊन अडायची. समजावून काही होईना, तेव्हा मी टेबलावरचं टोपणाचं पेन तिच्या हातात दिलं. "बोलू नकोस. करून दाखव. नेमकं काय झालं ते."

तिने पेन उजव्या हातात धरलं. खुर्ची पेशंटची. ब्लॉक दिला. सुई बाहेर काढली. आणि तिथेच हात हवेत थांबला.

"आता?" मी विचारलं.

"आता ही टाकायची."

"कुठे?"

"डब्यात."

"डबा कुठाय?"

तिने मान वळवली, खोलीच्या दाराकडे पाहिलं. "तिकडे. सिंकपाशी. सहा खुर्च्या ओलांडून." पेन अजून तसंच हातात. "मध्ये मुलं उभी असतात, मामा ट्रे घेऊन फिरत असतात. उघडी सुई घेऊन कसं जाणार? म्हणून मी टोपण..." तिने डाव्या हाताने टोपण उचललं, पेनाजवळ नेलं आणि खाली ठेवलं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मग उद्या आणखी कुणाला टोचेल."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडी दुसऱ्या कुणाचा विचार आला होता. मला वाटतं सुटका इथेच असते. "तुझी काही चूक नाही" असं मी तिला म्हटलं नाही, कारण चूक होती. दोन्ही हातांनी टोपण लावायचं नाही, हे तिला शिकवलेलं होतं. लावावंच लागलं तर टोपण ट्रेमध्ये ठेवून एका हाताने सुईने उचलून घ्यायचं. पण सहा खुर्च्यांचं अंतर तिने ठरवलं नव्हतं. सुईसाठीचा पांढरा, आरपार दिसणारा, भोक न पडणारा डबा २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी ठरवून दिला आहे. तो हाताच्या अंतरावर असावा एवढी साधी अक्कल लागते. चूक आणि वेंधळेपणा यांत हाच फरक. चूक बघता येते, मोजता येते, तिच्यातला आपला वाटा किती आणि जागेचा किती हे मांडता येतं. "मी वेंधळीच" म्हटलं की बघणंच संपलं.

मी मुलांना शांत करून पुन्हा त्याच जागी पाठवायच्या विरुद्ध आहे. धोका खरा असेल तिथे नुसती भीती कमी करणं म्हणजे जळक्या वासाची तक्रार करणाऱ्याचं नाक बंद करणं.

सानिकाने विभागप्रमुखांना पानभर पत्र लिहिलं. तीन वेळा खोडलं. पहिल्या मसुद्यात सात वेळा "माफ करा" होतं, शेवटच्यात एकदाही नाही. काय झालं, कुठे झालं, डबा कुठे आहे, कुठे हवा, आणि टोचलं तर कुणाला सांगायचं हे भिंतीवर लावावं, एवढंच. मॅमनी बोलावून घेतलं. "हे तेव्हाच का नाही सांगितलंस?" असं थोडं रागावल्या, पण डबे हलले.

आता हे वाचणाऱ्या मुलांसाठी. टोचलं की काम थांबवायचं. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. पिळायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. डोळ्यात रक्त उडालं तर डोळे भरपूर पाण्याने धुवायचे. पेशंटला जाऊ द्यायचं नाही. त्याला विश्वासात घेऊन, त्याच्या संमतीने तपासणी होऊ शकते. आणि लगेच सांगायचं, त्याच तासात, सही गेली तरी. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयांतल्या एआरटी (एचआयव्हीवरच्या उपचारांच्या) केंद्रात पुढची व्यवस्था होते आणि १०९७ ही एचआयव्हीसाठीची फुकट हेल्पलाइन आहे. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने आरोग्यसंस्थांवर खबरदारीची साधनं, प्रशिक्षण आणि हे प्रतिबंधक औषध पुरवण्याची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा तुम्ही कुणाचे उपकार मागत नाही.

सगळंच टोचण्याएवढं ठळक नसतं. वाकून वाकून धरलेली मान, आरशात बघून काम करायचा कंटाळा, फिलिंग घट्ट करणाऱ्या लाइट-क्युअरच्या निळ्या उजेडाकडे नुसत्या डोळ्यांनी बघणं, लेथ या घासायच्या यंत्रावरची धूळ, एअरोटरचा फवारा तोंडावर आणि मास्क हनुवटीवर. यातल्या कशानेही कुणी माझ्याकडे रडत येत नाही. चाळिशीत मानेचा पट्टा घालून येतात, तेही दुसऱ्याच कारणासाठी.

शिकवणाऱ्यांना एकच विनंती. टोचल्याचं सांगायला आलेल्या मुलाला पहिलं वाक्य "हात धुतलास का?" हे असू द्या. "लक्ष कुठे होतं?" हे दुसऱ्या दिवशी विचारलं तरी चालतं. वर्षभर कोरं राहिलेलं इजांचं रजिस्टर पाहून खूश होणारे विभागप्रमुख मी पाहिले आहेत. मला ते रजिस्टर पाहून धडकी भरते.

आईवडिलांनी "काळजी घेत जा" म्हणण्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात. कावीळ बीचे तिन्ही डोस झाले का? टोचलं तर कुणाला सांगायचं हे माहीत आहे का? डबा खुर्चीपासून किती लांब आहे? तिसऱ्या प्रश्नावर मुलं हसतात, पण दुसऱ्या दिवशी बघून येतात.

सानिकाच्या अँटिबॉडी उत्तम आल्या, तपासण्यांच्या सगळ्या तारखाही निघून गेल्या. आता ती इंटर्न आहे. मागच्या महिन्यात फोन आला तो वेगळ्याच कारणासाठी. प्रोस्थोच्या, म्हणजे कवळ्या बनवायच्या, लॅबमध्ये मोनोमर या रसायनाच्या वासाने ज्युनिअर मुलांची डोकी दुखतात, एक्झॉस्ट पंखा कधीचा बंद आहे, अर्ज देऊनही हालचाल नाही, तर आता डीन सरांकडे एकटीने जावं की सगळ्यांच्या सह्या घेऊन? मी म्हटलं, सह्या घे.