शब्दशंका: ‘जिटरी’ म्हणजे घाबरट का?

प्रश्न: इंग्रजी पेपरात ‘मार्केट्स टर्न जिटरी’ असं वाचलं. परवा लेक म्हणाली, ‘कॉफी जास्त झाली, आय फील जिटरी.’ बाजारही जिटरी अन् पोरगीही? याचा अर्थ घाबरट असाच घ्यायचा का? सरळ ‘नर्व्हस’ म्हटलं तर चालत नाही का?
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: घाबरट नको, ताई. घाबरट हा स्वभाव झाला. जिटरी ही बहुतेक त्या घडीची अवस्था असते आणि ती अंगावर दिसते. सीताबर्डीला मी मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवतो. आदल्या संध्याकाळी एखादी पोरगी फाइलचं बटण उघडते, लावते, पुन्हा उघडते. टाच सारखी हलत असते, दार वाजलं की दचकते. ती जिटरी. तयारी तिची पक्की असते, पण जीव थाऱ्यावर नसतो.

कॉफीच्या बाबतीत तुमची लेक अगदी नेमकं बोलली. तिथे भीती कशाचीच नाही, कॅफीनमुळे हात थरथरतात, एका जागी बसवत नाही. ‘नर्व्हस’ म्हटलं असतं तर तुम्हीच विचारलं असतं, काय झालं गं? बाजार जिटरी म्हणजे गुंतवणूकदार धास्तावलेत, बारीकशा बातमीनेही विकायला धावतात.

‘द जिटर्स’ हा शब्द अमेरिकी बोलीत १९२०च्या दशकात रुळला, ‘जिटरी’ त्यातूनच निघाला. तो बोलीचा बाज अजून आहे. मेसेजमध्ये, गप्पांमध्ये खुशाल वापरा, ‘शी इज जिटरी अबाउट द रिझल्ट’. नोकरीच्या अर्जात मात्र नको.

मला जास्त काळजी वाटते ती ‘अँक्शस’ची, कारण तिथे मुलांचं खरंच नुकसान होतं. ‘आय अॅम अँक्शस टु जॉइन’ म्हणजे रुजू व्हायला मी उत्सुक आहे. ‘आय अॅम अँक्शस अबाउट जॉइनिंग’ म्हणजे रुजू व्हायचं म्हणून मला काळजी लागली आहे. नोकरी देणाऱ्यासमोर दुसरं वाक्य तोंडून गेलं, तर त्याला वाटणार, हिला यायचंच नाही. लेकीकडून ही दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणवून घ्या. मुलाखतीत ‘ईगर टु जॉइन’ म्हणाली तर गोंधळाला जागाच उरणार नाही.