लूपला आवर्तन म्हणू नका

लूपर म्हणजे वाजवलेला तुकडा (लूप) टिपून तो पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र, आणि मिडी ही अशा यंत्रांची आपसात संदेश द्यायची भाषा. त्यावर प्रश्न असा आला आहे: "लूपरला पायाने चालवायचा मिडी कंट्रोलर जोडतो आहे. एका मराठी व्हिडिओत 'आधी आवर्तन रेकॉर्ड करा, मग आवर्तन बंद करा' असं सांगतात. लूपला आवर्तन म्हणणं बरोबर आहे का? आणि लूपरला 'आवर्तक' चालेल?"

बरोबर नाही. जे जे पुन्हा वाजतं त्याला आवर्तन म्हणायची खोड तबला शिकलेल्यांनाही लागली आहे, म्हणून जास्त चीड येते. आवर्तन हे तालाचं माप. समेवरून, म्हणजे पहिल्या मात्रेवरून निघायचं, परत समेवर यायचं. मधे काय वाजतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. विलंबित एकतालातला ख्यालगायक दर आवर्तनाला वेगळी बढत करतो. तेच ते गायला तर लोक चहाला उठतील. उन्हाळ्यात कालव्याला 'आवर्तन सुटलं' म्हणतात तेव्हाही पाणी नवंच असतं, फिरून येते ती पाळी. लूपचं नेमकं उलटं आहे. माल तोच, लांबी तुम्ही ठरवाल ती. जवळचा शब्द हवाच असेल तर लेहरा आहे. तबल्याच्या सोलोमागे पेटीवाला एका आवर्तनाची धून धरतो आणि तबलजीचं समाधान होईपर्यंत ती जराही हलवत नाही. लूपर आणखी काय वेगळं करतो?

धातू वृत्, म्हणजे फिरणे. वर्तुळ, आवृत्ती, आवर्ती ठेव हे उघड आहे, सोडून देऊ. खरी गंमत तद्भवांत, म्हणजे संस्कृतातून झिजत आलेल्या शब्दांत. 'वर्तुल'चं प्राकृतात झालं 'वट्टुल' आणि आपल्याकडे 'वाटोळं'. म्हणजे भूमितीच्या वहीतलं वर्तुळ आणि 'पोराने घराचं वाटोळं केलं' हे सख्खे भाऊ. गोल या अर्थावरून सत्यानाशावर हा शब्द कसा घसरला? माझं मत, शून्यामुळे. वाटोळं म्हणजे पूज्य, पूज्य म्हणजे काही उरलं नाही. 'वर्त्मन्'पासून वाट, म्हणून 'वाट लागली' हेही याच कुळातलं. या एका धातूने मराठीला नुकसानीचे निम्मे वाक्प्रचार पुरवले असावेत.

पण माझा लाडका शब्द आहे आटणे. संस्कृतात 'आवर्तन' म्हणजे ढवळणं आणि धातू वितळवणंही. सोनाराच्या मुशीला 'आवर्तनी' म्हणत. हिंदीत दूध 'औटतात', तो शब्द 'आवर्त'चाच. मग मराठीत ढवळून ढवळून आटवलेलं बासुंदीचं दूध कुठून आलं? माझा पक्ष असा की तेही 'आवर्त'पासूनच. इथे पंडित लगेच प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्राला पुढे करतात. त्याने 'क्वथ्' (उकळणे) धातूला 'अट्ट' असा आदेश सांगितला आहे, सबब आटणे 'अट्ट'पासून, विषय संपला. संपला कसा? आदेश म्हणजे 'याच्या जागी हे येतं' एवढीच नोंद, जन्मदाखला नव्हे. 'क्वथ्'चा 'अट्ट' कोणत्या ध्वनिनियमाने होतो ते दाखवा, मग माझा पक्ष सोडतो. कढईजवळ कधी उभे न राहिलेले लोक व्युत्पत्ती लिहितात, त्याचा हा परिणाम.

असो, तुमचं पेडल. त्याला एक सीसी क्रमांक, म्हणजे तो पाठवेल त्या मिडी संदेशाचा नंबर द्या, समजा ८०. दोन्ही यंत्रांवर मिडी चॅनेल एकच ठेवा आणि लूपरच्या असाइन सेटिंगमध्ये हा ८० पहिल्या ट्रॅकच्या रेकॉर्ड-प्लेला जोडा. पेडल मोमेंटरी हवं: दाबलं की १२७, सोडलं की ०. ते टॉगलवर राहिलं तर दुसऱ्यांदा दाबल्यावर ० जातो, १२७ ची वाट बघणारा लूपर ढिम्म हलत नाही आणि रेकॉर्डिंग चालूच राहतं. मिडी घड्याळ एका बीटला २४ टिका (टिकटिक ठोके) देतं. मात्रेला एक बीट धरली तर त्रितालाच्या आवर्तनाला ३८४ टिका होतात, झपतालाला २४०. त्यांतली सम कोणती हे टिकांना ठाऊक नसतं, सुरुवातीचा 'स्टार्ट' संदेश तेवढी खूण. चार-चारच्या मापात क्वांटाइझ (लूपची लांबी पुऱ्या मापांत बसवणं) चालू ठेवून झपताल भरलात तर यंत्र पुढच्या मापाची वाट बघतं, दहा मात्रांच्या बारा होतात, आणि झपतालाचे बारा वाजतात.

'आवर्तक' नको. लूपर हा शब्द सगळ्यांना कळतो. माझा मोठा आक्षेप त्या व्हिडिओतल्या 'बंद करा'ला आहे. मराठी माणूस 'बंद' ऐकून स्टॉप दाबणार, आणि धून समेच्या तोंडाशी येऊन गप्प होणार. त्यांना म्हणायचं आहे की रेकॉर्डचंच पेडल पुन्हा दाबा, म्हणजे शेवट सुरुवातीला जुळेल आणि वाजणं चालू राहील. तेही सोळाव्या मात्रेवर दाबायचं नाही, नाहीतर पंधरा मात्रांचा त्रिताल पदरात पडेल. पाय पडायला हवा पुढच्या समेवर. तेव्हा 'समेवर जोडा' म्हणा.