जॉन मार्शल एवढा महत्त्वाचा का मानतात?

कारण संसदेचा कायदा घटनेविरुद्ध असेल तर कोर्ट तो रद्द करू शकतं, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात १८०३ मध्ये ठामपणे मांडलं ते तिथला सरन्यायाधीश असलेल्या यानेच. केस मार्बरी विरुद्ध मॅडिसन. मार्बरीची जस्टिस ऑफ द पीस (छोट्या खटल्यांचा स्थानिक न्यायाधीश) म्हणून नेमणूक झालेली, सही-शिक्का सगळं झालेलं पण पत्र काही त्याच्या हातात पडलं नाही, आणि गंमत म्हणजे ते पोचवायचं राहिलं ते तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या मार्शलच्याच ऑफिसकडून! मग राष्ट्राध्यक्ष जेफरसनचं नवं सरकार आलं, त्याचा परराष्ट्रमंत्री मॅडिसन याने पत्र दिलं नाही, म्हणून मार्बरी कोर्टात गेला. आज असा जज केसमधून बाजूलाच झाला असता. निकाल मात्र भारी चलाख: मार्बरीचा हक्क बरोबर आहे, पण कायद्याच्या ज्या कलमाने तो थेट आमच्याकडे आलाय ते कलमच घटनाबाह्य आहे. म्हणजे पत्र द्यावं न लागल्याने जेफरसन सरकार वरवर जिंकलं आणि खरी पॉवर कोर्टाकडे गेली.

मार्शलचं कायद्याचं शिक्षण म्हणाल तर कॉलेजात थोडे महिने लेक्चर्स, बस. त्याआधी वॉशिंग्टनच्या सैन्यात होता. १८०१ ते १८३५, मरेपर्यंत सरन्यायाधीश. एक बाजू लोक विसरतात, स्वतः गुलाम बाळगायचा. आपल्या घटनेत मात्र मूलभूत हक्कांविरुद्धचा कायदा रद्दबातल, हे कलम १३ मध्ये सरळ लिहूनच ठेवलंय.