उस्मानी साम्राज्यातील ख्रिस्ती आणि ज्यू प्रजेचा न्यायनिवाडा कोण करत असे?

प्रश्न : उस्मानी (ऑटोमन) साम्राज्यात ख्रिस्ती आणि ज्यू प्रजेचा कारभार त्यांच्या धर्मगुरूंकडे सोपवला होता आणि सुलतान त्यात लक्ष घालत नसे, असे वाचनात येते. मग या लोकांचा सरकारशी संबंध केवळ जिझिया हा बिगरमुस्लिमांवरील कर भरण्यापुरताच येत असे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण वाचलेल्या चित्रात तथ्य आहे, पण ते बरेचसे एकोणिसाव्या शतकातील व्यवस्थेवरून रेखाटलेले आहे. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यानंतर सुलतान दुसऱ्या मेहमदने पुढच्याच वर्षी गेनाडिओस या विद्वान भिक्षूला ऑर्थोडॉक्स चर्चच्या सर्वोच्च पदावर बसवले. १४९२ मध्ये स्पेनने हाकलून दिलेल्या ज्यूंना सुलतान दुसऱ्या बायझीदने थारा दिला आणि त्यांच्यातील पुष्कळ कुटुंबे सॅलोनिकात (आजचे ग्रीसमधील थेसालोनिकी) स्थायिक झाली. तरीही साऱ्या साम्राज्याला एकाच मापाने लागू होणारी व्यवस्था तेव्हा नव्हती.

खरी परिस्थिती समजून घ्यायची तर काझीच्या न्यायालयाची दफ्तरे पाहावी लागतात. घराची विक्री, कर्जाचा करार, वारसाहक्क, इतकेच नव्हे तर विवाह आणि घटस्फोटही नोंदवण्यासाठी ख्रिस्ती आणि ज्यू माणसे आपण होऊन तेथे जात, कारण काझीचा दस्तऐवज सर्वत्र ग्राह्य धरला जाई. स्त्रियांच्या बाबतीत तर हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मुलगे असताना मुलीला वारसाहक्क मिळत नसे, तर शरियतनुसार तिला मुलाच्या निम्मा का होईना, पण ठरलेला वाटा मिळे; साहजिकच वडिलांच्या मालमत्तेसाठी मुलगी काझीकडे जाऊ शके. चर्चकडून घटस्फोट मिळणे दुरापास्त असल्यानेही अनेकांची पावले तिकडे वळत. रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, हे मुळीच रुचत नसे आणि काझीकडे दाद मागणाऱ्यांना ते बहिष्काराची धमकी देत.

याचा अर्थ न्यायालयात सर्वांची पत सारखी होती, असा मात्र नव्हे. मुसलमानाविरुद्ध बिगरमुस्लिमाची साक्ष सामान्यतः ग्राह्य धरली जात नसे आणि जुन्या चर्चची डागडुजी करायची तरी परवानगी काढावी लागे. या व्यवस्थेला केवळ सहिष्णुतेचा नमुना म्हणून गौरवणे मला म्हणूनच मान्य नाही. बाल्कन प्रदेशातील ख्रिस्ती मुलगे सक्तीने नेऊन, त्यांचे धर्मांतर करून त्यांना सुलतानाच्या सेवेत घेतले जाई. त्यांच्यापैकीच सोकोल्लू मेहमद पाशा १५६५ ते १५७९ या काळात वजीर-ए-आझम, म्हणजे सुलतानाचा मुख्य वजीर, होता. तो सर्वोच्च पदाला पोहोचला म्हणून मुलगा गमावणाऱ्या घरांचे दुःख हलके ठरत नाही.

जिझिया सुदृढ प्रौढ पुरुषांवर असे आणि स्त्रिया व मुले त्यातून वगळलेली असत. १६९१ मध्ये तो घरटी आकारण्याऐवजी सांपत्तिक स्थितीनुसार तीन श्रेणींत माणशी आकारला जाऊ लागला. १८५६ च्या सुधारणा फर्मानाने धर्माधारित भेद दूर करण्याचे वचन दिले, जिझियाही रद्द झाला. परंतु लष्करी सेवेच्या बदल्यात बिगरमुस्लिमांवर जो कर बसला, तो १९०९ पर्यंत चालू राहिला. याच काळात धार्मिक समाजांचे अंतर्गत कारभार लेखी नियमांनी बांधले गेले आणि १८६३ मध्ये आर्मेनियन समाजाच्या स्वतंत्र घटनेला सुलतानाची मान्यता मिळाली. आपण वर्णन केलेली आखीवरेखीव स्वायत्तता मुख्यतः या टप्प्यावरची आहे.