अटारी: नाव जपानी, कंपनी कॅलिफोर्नियाची

प्रश्न असा: व्हिडिओ गेमवाली ‘अटारी’ जपानी कंपनी होती का, नावाचा अर्थ काय, आणि हिंदीतल्या ‘अटारी’शी त्याचं नातं आहे का?

शेवटचं आधी निकालात काढू. नातं नाही. हिंदीतली अटारी म्हणजे माडी. ती संस्कृत ‘अट्टालिके’च्या कुळातली. कंपनीचं नाव मात्र जपानीच आहे, म्हणून घोटाळा होतो. कंपनी अस्सल अमेरिकी. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी ती १९७२ साली कॅलिफोर्नियात काढली. आधी ठरलेलं ‘सिझिजी’ हे नाव दुसऱ्या कुणीतरी घेतलेलं निघालं. (बरंच झालं, हे कोण धड उच्चारणार होतं!) बुशनेलला ‘गो’ या पटावरच्या खेळाचा नाद, तेव्हा शब्द तिथून आला.

मूळ क्रियापद ‘अतारू’. मराठीत त्याला आपलं ‘लागणे’ झकास बसतं: नेम लागतो, लॉटरी लागते, तिथे ‘अतारू’च. जपानमध्ये काही आइस्क्रीमच्या काडीवर ‘अतारी’ छापलेलं निघालं, की दुसरं फुकट मिळतं. गोमध्ये अर्थ जरा धारदार होतो. पटाच्या मध्यावरच्या एकट्या सोंगटीला चार बाजू मोकळ्या असतात. प्रतिस्पर्ध्याने तीन अडवल्या की ती ‘अतारी’त आली, चौथीही गेली की सोंगटी उचलली जाते. ‘शह’ म्हणता येईल, पण शह राजालाच असतो आणि तो चुकवावाच लागतो. गोमध्ये सोंगटी गेली तर जाऊ द्या म्हणून दुसरीकडे खेळता येतं.

नावाला साजेशी सुरुवातही झाली. कंपनीचा इंजिनिअर अ‍ॅलन अल्कॉर्नने बनवलेला ‘पाँग’ हा व्हिडिओ गेम कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका बारमध्ये ठेवला होता. थोड्याच दिवसांत तो बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न दुरुस्तीला गेला, तर यंत्र ठणठणीत. नाण्यांचा डबाच गच्च भरून वाहत होता. १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने कंपनी घेतली, पुढच्या वर्षी कार्ट्रिज बदलून खेळायचं यंत्र आलं, आणि अमेरिकेतल्या पोरांच्या तोंडी ‘अटारी खेळणं’ म्हणजेच व्हिडिओ गेम खेळणं झालं. १९८३ च्या व्हिडिओ गेमच्या धंद्यातल्या मंदीत सगळं कोसळलं, तरी नावाला गिऱ्हाईक राहिलंच. आज ते एका फ्रेंच कंपनीकडे आहे.

गोची परंपराही पुढे चालली. बुशनेलच्या नंतरच्या एका कंपनीचं नाव ‘सेंते’, म्हणजे डावातला पुढाकार. अटारी गेम्सने १९८७ मध्ये काढलेल्या कंपनीचं नाव ‘तेंगेन’, म्हणजे पटाचा मध्यबिंदू. उलट ‘सेगा’ या गेम कंपनीचं जपानी वाटणारं नाव हे ‘सर्व्हिस गेम्स’ या इंग्रजी नावाचं आखूड रूप!

राहिला उच्चार. जपानी ध्वनी आपल्या ‘त’च्या जवळचा, ‘ट’ इंग्रजीच्या वाटेने आला. तेव्हा गोबद्दल लिहिताना ‘अतारी’ लिहा, कंपनीला ‘अटारी’च राहू द्या.