जेवल्यावर बहीण मुद्दाम उलटी करते, पण वजन ठीक आहे. हा आजार म्हणायचा का?

हो, हा आजारच वाटतो, त्याला ब्युलिमिया म्हणतात. 'अंगाने बरी आहे, नखरे करते' असं घरचे म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. गफलत तिथेच होते, कारण ब्युलिमियात वजन बहुतेकदा नॉर्मलच असतं. थोड्या वेळात भरमसाट खाणं, हात आवरता न येणं, मग उलटी, जुलाबाच्या गोळ्या किंवा कडक उपास. आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चाललं की निदान होतं. (श्रावणातले उपास आणि चवथीचं गोडधोड यांच्या आड हे छान लपतं.)

खरा धोका रक्तातल्या पोटॅशियमचा. उलट्यांनी ते ३.५ mEq/L या नॉर्मलच्या सीमेखाली बरंच उतरलं की पायात गोळे येऊ शकतात, धडधडू शकतं. फारच उतरलं तर हृदयाची लय बिघडते आणि जीवावर बेतू शकतं. म्हणून आधी सीरम इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातल्या क्षारांची तपासणी) आणि ईसीजी करून घ्या. बेशुद्धी किंवा उलटीत रक्त दिसलं तर थेट कॅज्युअल्टीत न्या.

तिला थंड पाणी दातांना झोंबतं ना? उलटीतल्या आम्लाने वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू झिजते. उलटीनंतर लगेच ब्रश नको, मऊ पडलेलं एनॅमल त्याने खरवडून निघतं. चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरावी, ब्रश तासाभराने. जुलाबाच्या गोळ्यांनी मुख्यतः पाणी जातं. अन्न तोवर लहान आतड्यात शोषलेलं असतं.

कारण एकच नसतं. अनुवंश, चिंतातुर स्वभाव, 'जाडी झालीस' ही नातेवाइकांची बोलणी, सगळंच असतं. पण चक्र फिरत राहतं ते उपाशी राहण्याने: दिवसभर पोट मारायचं, संध्याकाळी खाण्यावर तुटून पडायचं, उलटी, उद्या पुन्हा उपास. म्हणून सीबीटी (विचार आणि सवयी बदलणारी बोलण्याची उपचारपद्धती, साधारण २० सत्रं) सुरू होते ती वेळेवर खाण्यापासून. सकाळी पाव-भाजी, अकराला पेज, दुपारी शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी), पाचला चहा आणि केळं, रात्री जेवण. मध्ये चार तासांहून जास्त खंड नको. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचाही उपयोग होतो, पण ते मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील.

तिच्याशी एकटीला गाठून बोला, ताटावर नको. 'बरी दिसतेस' हेसुद्धा टाळा, तिला ते 'जाडी दिसतेस' असंच ऐकू येतं. गोव्यात बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात दाखवा. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. उलट्या आठवड्याला किती, कुठल्या गोळ्या घेते, पाळी नियमित आहे का, हे कागदावर लिहून न्या.